लंगडी टिकटिक

काच

चष्मेवालीच्या दुकानात सोमवारी सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक आजोबा आले. तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली आणि नेहमीसारखं पांढऱ्या कोटाच्या खिशातून साखळीचं घड्याळ काढून काउंटरच्या काचेवर ठेवलं.

वेळ बघायला नव्हे. वेळ बघायला भिंतीवर बॅटरीचं घड्याळ होतं, फोन होता, समोरचा पाववाला शटर वर करायचा तेही होतं. पण घड्याळ काचेवर ठेवलं की त्याचा आवाज काचेत उतरतो आणि अख्खा काउंटर बोलायला लागतो. एखाद्याला सकाळी चहा लागतो तसा तिला तो आवाज लागायचा.

"तिसरी ओळ वाचा."

"क... म... पुढचं पुसलंय."

"पुसलेलं नाही, तुम्हाला दिसत नाहीये. जरा स्थिर बसा."

"मी स्थिरच आहे. तुम्हीच दचकलात."

आजोबांना अक्षरं दिसत नव्हती, पण एवढं दिसलं. काच वाजत होती. टिक. टिक. टिक. टिक. सरळ, सारखी, शाळेतल्या कवायतीसारखी, एकाही ठोक्याला दुसऱ्यापेक्षा जास्त वजन नाही.

तिचं घड्याळ असं चालत नसे. तिचं घड्याळ लंगडायचं. टिक्-टिक्, मग दम. टिक्-टिक्, मग दम. एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी ठेवून कुणीतरी जिना चढतंय, असं. शिवाय रोज चार-पाच मिनिटं मागे पडायचं ते वेगळं.

तिनं घड्याळ उचलून उलटं केलं. चांदीचं झाकण, त्यावर द्राक्षांचा वेल, अंगठा फिरवून फिरवून सपाट झालेली द्राक्षं. झाकण तिचंच. सुलटं केलं. पांढरी तबकडी, रोमन आकडे, खाली सेकंदांचं छोटं वर्तुळ. तेही तिचंच दिसत होतं. तिनं कानाला लावलं.

"आजोबा," ती म्हणाली, "माझ्या घड्याळात दुसरंच घड्याळ घातलंय कुणीतरी."

"बरं," आजोबा म्हणाले. "मग माझा चष्मा कधी मिळेल?"

काटे उलटे

घड्याळवाले सांगतात, काटे उलटे फिरवू नयेत, मशीन दुखावतं. एकदाच फिरवू. फक्त आदल्या दिवसापर्यंत.

रविवारी चष्मेवाली लेकीच्या घरी गेली होती. लेकीच्या लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं, त्यामुळे व्याही-विहिणीत अजून 'आपण आधी बसा, नाही आपण आधी' असाच कारभार होता. व्याही पोहण्याचे मास्तर. तलावावर आयुष्य गेलेलं, आवाज भिंतीला धडकून परत येईल असा. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून तीही म्हणायची. ते तिला 'विहीणबाई' म्हणायचे, आणि तेही इतक्या अदबीनं की तिला आपण एकदम वयस्कर झाल्यासारखं वाटायचं.

दोघांत बोलण्यासारखा विषय एकच, पण तो दांडगा होता. दोघंही जुनी खिशातली घड्याळं जमवत.

मात्र जमवण्याची तऱ्हा निराळी. मास्तरांची घड्याळं काचेच्या कपाटात ओळीनं टांगलेली, आणि ओळ ठरायची शर्यतीनं. रविवारी सकाळी सगळी एका वेळेवर लावायची, रोज चावी द्यायची, पुढच्या रविवारी कोण किती पुढे-मागे ते बघायचं आणि त्याप्रमाणे जागा बदलायच्या. पहिल्या खुंटीवरचं घड्याळ वर्षानुवर्षं तेच होतं. चांदीचं, झाकणावर उडी मारणारा मासा. तलावावर मास्तर खिशात घालून न्यायचे ते हेच. शेवटच्या खुंटीवरच्याला जावई 'नापास' म्हणायचा.

चष्मेवालीची घड्याळं दुकानातल्या चष्म्यांच्या मखमली खणांत झोपलेली असत. एका दिवशी एकालाच चावी. बाजारातल्या चटईवरून घड्याळ उचललं की ती तबकडीकडे बघायच्या आधी ते कानाला लावायची. आवाज आवडला तर घ्यायचं, मग काटे का नसेनात. तिच्या खणांत एक खोकरं होतं, एक कुजबुजं, एक अगदी घाईघाईनं बोलणारं, त्याचं नाव तिनं आपल्या धाकट्या नणंदेवरून ठेवलं होतं. पण रोज तिच्याबरोबर असायचं ते लंगडंच.

"विहीणबाई, आपल्या घड्याळाचा कारखाना कोणता?" मास्तरांनी त्या रविवारी विचारलं होतं.

तिनं सांगितलं.

"काय सांगता! माझंही तिथलंच."

झालं. दोन्ही घड्याळं टेबलावर आली. शेजारी शेजारी ठेवली तर तबकड्या जुळ्या बहिणी, फक्त एकीला द्राक्षांची साडी आणि एकीला माशाची.

"आतून बघायचं?" चष्मेवालीनं विचारलं. तिच्या पर्समध्ये चष्म्याचे बारीक पेचकस कायम असत.

"बघू या की," मास्तर म्हणाले, आणि मुलासारखे खुर्ची ओढून बसले.

वाटी

कुठलाही शहाणा माणूस एका वेळी एक घड्याळ उघडतो. पण दोन जमवणारे समोरासमोर बसले की शहाणपण उठून जातं. 'तुमचं आधी बघू' म्हणताना मास्तरांनी आपलंही झाकण उघडलं. 'नाही नाही, तुमचंच' म्हणताना तिनं दोन्हींचे स्क्रू सैल केले. बघता बघता दोन्ही मशीनं आपापल्या चांदीच्या घरातून बाहेर येऊन एका ताटलीत बसली. डावीकडे तिचं, उजवीकडे त्यांचं. उघडी, चकाकत, बारीक चाकं फिरवत.

"काय देखणं आहे हो," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. त्यांना खालचा आवाज आहे हे तिला तेव्हाच कळलं.

"त्या चाकाकडे बघा. श्वास घेतल्यासारखं करतंय."

"बघतोय. डोळा हलत नाहीये माझा."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून लेकीची हाक आली, "जेवायला वाढू का? थंड होतंय सगळं!"

धूळ बसायला नको म्हणून चष्मेवालीनं दोन्ही मशीनांवर एक काचेची वाटी पालथी घातली. एकच वाटी, दोघांवर. दोघं हात धुवायला उठली. लेकीनं ताटं मांडायला ती ताटली उचलून खिडकीत ठेवली, आणि जेवणं झाल्यावर परत आणून ठेवली. ठेवताना ताटली फिरली. लेकीला काय कल्पना, डावी-उजवी बाजू असते ते? तिच्या लेखी वाटीखाली दोन गोल वस्तू होत्या.

जेवून दोघं सुस्तावली होती. डावीकडचं द्राक्षांत, उजवीकडचं माशात. स्क्रू आवळले. 'पुन्हा या', 'तुम्हीही या', आणि चष्मेवाली घरी. दिवसभर लोकांना 'डावा डोळा झाका, आता उजवा झाका' सांगणाऱ्या बाईनं ही चूक केली होती.

काटे परत सुलटे. सोमवार.

पेच

आजोबा गेल्यावर तिनं दुकानाचं दार लोटून घेतलं आणि विचार केला.

तिच्या खिशात मास्तरांचं पहिल्या खुंटीवरचं मशीन होतं. मास्तरांच्या खिशात तिचं लंगडं. फोन करायचा आणि सांगायचं, एवढंच. पण सांगायचं काय? 'मास्तर, माझं बिघडलेलं तुमच्याकडे राहिलंय आणि तुमचं चांगलं माझ्याकडे आलंय'? ऐकणाऱ्याला काय वाटेल? लेकीची आई पेचकस घेऊन आली आणि चांगलं मशीन घेऊन गेली! लेकीला त्या घरात राहायचंय. आणि मास्तरांना अजून कळलंच नसलं तर?

छे. सेकंद मोजण्यात हयात घालवलेला माणूस. त्याला पहिल्याच संध्याकाळी कळलं असणार. मग तो का बोलत नाही?

तिला आठवडाभर काचेवरची ती कवायत ऐकावी लागली. दुकान वेळेवर उघडलं गेलं, वेळेवर बंद झालं. पाववाला म्हणाला, "बाई, तब्येत बरी आहे ना?"

फोन

"आई, जेवलीस का?"

"जेवले. तुझे सासरे कसे आहेत?"

"बरे आहेत. म्हणजे... आई, हसू नको. मंगळवारी तलावावर उशिरा गेले."

"कोण, मास्तर?"

"मास्तर! हे म्हणाले, बाबांच्या आयुष्यात पहिल्यांदा. परवा बँकेचं दार लागलं तोंडावर. आणि आज बस चुकली. रोज थोडे थोडे मागे पडतायत."

"चिडले असतील."

"तेच कळत नाही ना. कुणाला काही बोलत नाहीत. नुसतं घड्याळ कानाला लावतात आणि बसतात. आता म्हणाले, हे घड्याळ आज दाखवून आणतो, नीट करून घेतो एकदाचं."

"आज?"

"हो, आजच."

"कधी?"

"काय कधी?"

"कधी जाणार आहेत ते घड्याळवाल्याकडे?"

"निघाले की मघाशीच. एकच्या आत पोचतो म्हणाले, एकला तो दुकान लावतो ना दुपारचं. आई, आवाज कसला येतोय? आई?"

आवाज दुकानाच्या शटरचा होता.

रस्ता

ती धावली. ती चालली. मग ती पुन्हा धावली.

नीट करून घेतो! नीट करून घेतला की संपलं. चांगला घड्याळवाला एका चिमट्यानं, एका फुंकरीत तो लंगडेपणा काढून टाकील आणि मग तो आवाज जगात कुठेच असणार नाही. पैसे देऊन आणता येत नाही, सांगून करून घेता येत नाही. कुठल्या घड्याळवाल्याला जाऊन म्हणायचं, जरा आधीसारखं बिघडवून द्या?

कोपरा. सायकल. "बाई, दिसत नाही का?" चष्मेवालीला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

खिशात मास्तरांचं मशीन कवायत करत होतं. तिनं काढून बघितलं. एक वाजून गेला होता. म्हणजे मास्तर वेळेत पोचले. म्हणजे घड्याळ उघडलं. म्हणजे

पायरी

घड्याळवाल्याचं दुकान बंद होतं. दारावर पाटी: एक ते तीन बंद. पायरीवर मास्तर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे.

"विहीणबाई! आपण इकडे?"

"दिलंत?" तिला दम लागला होता. "आत दिलंत का?"

"काय देणार? पोचलो तर कुलूप. माझ्या घड्याळात एकला पाच कमी." त्यांनी माशाचं घड्याळ पुढे केलं. "अजूनही एक वाजला नाहीये त्याच्यात."

चष्मेवालीचा जीव भांड्यात पडला, आणि ती त्याच्या पाठोपाठ पायरीवर बसली. मग तिला हसू फुटलं. आपल्याच दुरुस्तीला त्या घड्याळानं उशीर केला होता.

"ह्यात हसण्यासारखं काय आहे?"

"मास्तर, ते तुमचं घड्याळ नाही."

"ठाऊक आहे मला," मास्तर शांतपणे म्हणाले. "रविवारीच कळलं. चपला घालून तुम्ही जिना उतरला नसाल तोवर कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? मुलीच्या आईला म्हणू, माझं घड्याळ ठेवा खाली? आणि तुम्ही का बोलला नाहीत?"

"मी काय म्हणणार? तुमचं चांगलं चालतं म्हणून मला नको?"

समोरून एक हातगाडी खडखडत गेली.

"पण मग नीट करायला का निघालात?" तिनं विचारलं. "माझं आहे हे ठाऊक असून?"

"म्हणूनच! बिघडलेलं कसं परत द्यायचं? म्हटलं, छान सरळ करून घेऊ, पुढच्या वेळी गुपचूप बदलू, विहीणबाई खूश."

"अहो, मारून टाकत होतात!"

मग तिनं सांगितलं. हे घड्याळ तिनं आणि तिच्या नवऱ्यानं जुन्या बाजारात घेतलं होतं, तिचं सगळ्यात पहिलं. आवाज तेव्हा अगदी सरळ होता. 'दे, मी सांभाळून नेतो,' नवरा म्हणाला, आणि बाजाराच्या दाराशीच त्याच्या हातून ते दगडावर पडलं. घरापर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. घरी टेबलावर ठेवलं तर चालत होतं, लंगडत. 'बघ,' तो म्हणाला, 'माझ्यासारखं झालंय. उशिरा येईल, पण येईल.' माणूसच तसा. लग्नालाही उशिरा आला होता. आता तो नव्हता. पण काचेवर घड्याळ ठेवलं की वाटायचं, येतोय, जिन्यातच आहे.

मास्तरांनी घड्याळ कानाला लावलं, बराच वेळ. मग म्हणाले, "मला वाटलं होतं नुसतं बिघडलंय."

"बिघडलंच आहे."

"हो, पण..." त्यांनी मान हलवली. "एक सांगू? हसाल. ह्याच्या नादानं मंगळवारी तलावावर उशिरा गेलो. सकाळची मोठ्या माणसांची बॅच. मला वाटलं, काठावर रांगेत उभे असतील शिट्टीची वाट बघत. तर सगळे पाण्यात! शिट्टी नाही, मोजणी नाही. पाठीवर पडून आकाश बघतायत. एक गृहस्थ आहेत, वर्षभर काठाची दांडी सोडत नव्हते. मी घसा फोडला त्यांच्यासाठी. ते मधोमध तरंगत होते."

"अरे वा!"

"मी विचारलं, कशी सोडली दांडी? तर म्हणतात, मास्तर, तुम्ही बघत नव्हतात ना." मास्तरांनी झाकणावरच्या माशावर अंगठा फिरवला. "तेव्हापासून रोज चार-पाच मिनिटं उशिरा जातोय. ह्या घड्याळाच्या भरवशावर. माझ्या मशीनवर मला नाही जमायचं ते."

नको

तीनला घड्याळवाला आला. जाड काचांचा चष्मा, तिनंच दिलेला. दोघांना पायरीवर बघून म्हणाला, "एवढी घाई? कुणाचं काय बंद पडलं?"

त्यांनी सांगितलं. तो ऐकत गेला तशा त्याच्या भुवया वर चढत गेल्या.

"दोन्ही एकदम उघडली? एका वाटीखाली ठेवली?"

"हो."

"दोघंही घड्याळं जमवता. कितवीत आहात?"

दोघांनी माना खाली घातल्या. त्यानं दिवा ओढला. पहिलं मशीन काढलं, त्यावर एक वाटी. दुसरं काढलं, त्यावर दुसरी वाटी, टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला. मग द्राक्षांच्या घरात बसवायचं मशीन उचललं, डोळ्याला भिंग लावलं आणि थांबला.

"बाई, हे लंगडतंय की! बारीक काम आहे. आत्ता सरळ करून दे—"

"नको!"

दोघं एकदमच ओरडली. मास्तरांचा आवाज तलावावरचा होता. टेबलावरच्या दोन्ही वाट्या वाजल्या आणि समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला.

घड्याळवाल्यानं भिंग काढलं. तिच्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि मशीन बसवून, झाकण लावून घड्याळ तिच्या हातात ठेवलं.

टिक्-टिक्, मग दम.

ती भिंतीशी ठेवलेल्या एका पेटीवर टेकली आणि डोळे मिटून ऐकत राहिली. टिक्-टिक्. ये बाबा, ये, सावकाश ये.

मास्तरांनी आपलं माशाचं घेतलं, कानाला लावलं. सरळ, सारखं, चोख. त्यांचा चेहरा पडला.

"काय झालं? तुमचंच आहे ना?" घड्याळवाल्यानं विचारलं.

"माझंच आहे," मास्तर सुस्कारा टाकून म्हणाले. "अगदी वेळेवर आहे मेलं."

चटई

पुढच्या रविवारी जुन्या बाजारात एका चटईपुढे एक उंच गृहस्थ उकिडवे बसले होते आणि घड्याळांमागून घड्याळं कानाला लावत होते. शेजारी पांढरा कोट घातलेली बाई उभी होती.

"हे बघा साहेब," विकणारा म्हणाला, "फर्स्ट क्लास मशीन. मिनिटाचा फरक नाही."

"नको. दुसरं दाखवा."

"हे? ह्याच्यावर तुम्ही वेळ लावून घ्या."

"हेही नको. फार नीट चालतंय."

विकणाऱ्यानं बाईकडे बघितलं. "ह्यांना हवंय तरी काय?"

"मागे पडणारं," चष्मेवाली म्हणाली. "पण थोडंच. एखाद्याचा दांडीवरचा हात सुटेल एवढंच."

विकणाऱ्यानं डोकं खाजवलं, मग चटईखाली हात घालून एक पितळी, ठेंगणं, पोट सुटलेलं घड्याळ काढलं. "हे मी ठेवत नाही वर. खोटं कशाला बोलू? चालता चालता मध्येच थबकतं."

"किती वेळ?"

"त्याच्या मर्जीवर आहे."

मास्तरांनी ते कानाला लावलं. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. बाजारात पहिल्यांदा एखादं घड्याळ आपल्याशी बोलतं तेव्हा माणसाचा चेहरा कसा होतो, ते तिला आरशाशिवाय ठाऊक होतं.

"ऐका," त्यांनी घड्याळ तिच्या कानाशी धरलं. टक, टक, टक, टक... आणि मग काहीच नाही. दोघांनी श्वास धरला. विकणाऱ्यानंही धरला. आणि मग, झोपेतून उठल्यासारखं, टक.

"शेवटच्या खुंटीवर लावणार?" तिनं विचारलं.

"पहिल्या," मास्तर म्हणाले. "मासा जाईल दुसऱ्यावर. जरा त्यालाही कळू दे."

ते उठले, गुडघे झटकले आणि घड्याळ मुठीत धरलं. "चला विहीणबाई. मी सांभाळून नेतो."

चष्मेवाली जागच्या जागी थांबली. बाजाराचं दार समोरच होतं, आणि त्याच्यापुढे दगडाची फरसबंदी.

"अजिबात नाही," ती म्हणाली. "आणा इकडे."

तिनं ते पितळी घड्याळ त्यांच्या मुठीतून काढून घेतलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. उजव्या खिशात. डाव्या खिशात लंगडं चाललं होतं, आणि दोन घड्याळं एका ठिकाणी ठेवायची नाहीत, एवढं ती आता शिकली होती.